सोंगाचा फोटो

मायाप्पा नुसता कधी चालला नाही. तो पाऊल टाकायचा. रानात असो नाहीतर तासगावच्या बाजारात, त्याचा पाय भुईला टेकायच्या आधी जरासा थांबायचा आणि मग पडायचा. "पाय मातीला इचारून टाकावा, गड्या," म्हणायचा. मी विचारायचो, "मग माती काय म्हंती?" तर म्हणायचा, "तुला न्हाई सांगायची. तू ढोल वाजीव."

मी ढोल वाजवत आलो आणि तो नाचत आला. आमच्या पूर्व भागातल्या धनगरवाड्यांत बिरोबाच्या जत्रेला गजी खेळतात. मधे ढोल आणि कैताळ म्हणजे मोठ्या झांजा, भोवती पांढऱ्या कपड्यांतल्या गड्यांचं रिंगण, हातात रुमाल. ढोलाच्या एकेका चालीला आम्ही घाई म्हणतो. थोरली घाई, बारकी घाई, अशा पुष्कळ आहेत. घाई बदलली की सगळ्या रिंगणाचा पाय बदलतो, आणि तो म्होरक्याच्या पायाकडे बघून बदलतो. आमचा म्होरक्या मायाप्पा. मी चौथीतून शाळा सोडली ती ढोलापायीच, आणि माझ्या वाजवण्यात चूक काढायची कुणाची छाती नव्हती. एकटा मायाप्पा काढायचा, तीही तोंडानं नाही. माझा हात चुकला की तो उचललेला पाय खाली टाकायचाच नाही. बगळ्यासारखा एका पायावर उभा. सगळं रिंगण थांबायचं, जत्रा हसायची, आणि मी शिव्या घालत घाई पहिल्यापासून धरायचो. मग त्याची मिशी हलायची. तो हसला हे आधी मिशीला कळायचं, मागून तोंडाला.

हा उचललेला पाय ध्यानात ठेवा. पुढं त्याचंच सगळं झालं.

तरुणपणी आमची मेंढरं एकत्र होती. उन्हाळ्याला पाटणच्या अंगाला जायचो, लोकांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायची. कळपामागं चालताना मायाप्पाच्या हातात लोकर असायची, सूत निघत राहायचं. हातात लोकर नसली तरी त्याचा अंगठा बोटावर फिरायचाच. एकदा दिवस मावळताना बांधापल्याड झुडपात दोन दिवे चमकले. लांडगा. मी उठून पळणार, तेवढ्यात मायाप्पानं माझं धोतर धरलं. "बस खाली. पळणाऱ्याच्या मागं लागतो त्यो. पातेलं बडीव." जर्मनचं एक चेमटलेलं पातेलं होतं, ते मी घेतलं आणि बारकी घाई धरली. हा बाबा उठला, कमरेचा रुमाल काढला आणि लांडग्यासमोर नाचायला लागला! ते दोन दिवे थोडा वेळ तिथंच राहिले, मग विझले. लांडगा त्याच्या नाचाला भ्याला की माझ्या वाजवण्याला, यावर आम्ही जन्मभर भांडलो. माझं मत अजून बदललेलं नाही.

त्याला एकच मुलगा, दादू. बायको दादूच्या लहानपणीच गेली. दादूला ढोलाचं वावडं. गजी खेळायला बोलावलं की तो शाळेचं पुस्तक घेऊन माळ्यावर चढायचा. पुढं पलटणीत गेला, सुभेदार होऊन परत आला, साताऱ्यात घर बांधलं आणि तिथल्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या पहारेकऱ्यांवर मुख्य झाला. मायाप्पाला याचा राग नव्हता, उलट मिरवायचा. जत्रेत कुणी विचारलं, "दादू का न्हाई रिंगणात?" की छाती काढून म्हणायचा, "माझा दादू ढोलाला हात लावत न्हाई. त्यो साहेब हाय."

पाणी आलं, द्राक्षं आली, मेंढरं विकली. मायाप्पाची बोटं मात्र फिरत राहिली. देवळाच्या कट्ट्यावर बसला की उजवा अंगठा बोटावर, लोकर वळावी तसा. आम्ही म्हणायचो, मेंढरं गेली पण म्हाताऱ्याची सवय जात नाही. पोरं चेष्टा करायची, "आजा, माझ्या घोंगड्याचं सूत काढा की!" तोही बोटं थांबवायचा नाही. थांबवता येत नव्हती, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या कुणाची बोटं अशी थरथरली असती तर गावानं दवाखाना दाखवला असता. धनगराची थरथरली, तर गावानं लोकर बघितली.

मग मिशी हलायची थांबली. विनोद केला की तो माझ्याकडं बघत राहायचा, पाटीसारखं तोंड करून. मला वाटलं, माणूस गर्वाला चढला. आणि मग एके सकाळी बघतो तर हा आपल्याच घराच्या उंबऱ्यात उभा. आत ना बाहेर.

"काय रं, वाट कुणाची बघतोस?"

"पाय चिकटलं, गड्या."

"शेण हाय का काय उंबऱ्यावर?"

"न्हाई रं. मातीच बोलंना."

मी एरंडेल गरम करून गुडघे चोळायला सांगितलं. चार लोकांनी चार उपाय सांगितले, त्यातल्या त्यात माझा बरा होता. गुण कशालाच आला नाही. शेवटी दादू साताऱ्याहून आला आणि आम्ही तिघं सांगलीला मेंदूच्या तपासणीला गेलो. डॉक्टर मोठा, खोलीबाहेर गर्दी. त्यानं मायाप्पाला विचारलं, "चालताना घाई होते का, आजोबा?"

"व्हय," मायाप्पा म्हणाला. "थोरली का बारकी?"

डॉक्टरनं लिहिता लिहिता मान वर केली. "म्हणजे? लघवीची की संडासची?"

मायाप्पानं माझ्याकडं बघितलं. त्याला राग आला होता, फक्त तो तोंडावर दिसत नव्हता. "आवं डॉक्टर, बिरोबाम्होरं कुणी तसल्या घाईनं नाचतं व्हय?" दादू शरमेनं लाल झाला. डॉक्टरनं पुढं काही विचारलं नाही. मेंदूचा एमआरआय लिहून दिला.

ते यंत्र म्हणजे एक मोठं बीळ. माणसाला फळीवर झोपवून डोकं आत सारतात. आम्ही काचेबाहेर उभे. यंत्र सुरू झालं आणि आतून आवाज यायला लागला, ठक ठक ठक ठक, मग थांबून ढमढम ढमढम. तिथला गडी एकदम ओरडला, "आजोबा, हलू नका! फोटो हलतोय!" मी काचेतून बघितलं. बिळाबाहेर मायाप्पाचे दोन्ही पाय होते, आणि ते नाचत होते. आवाज बदलला की पाय बदलत होते. घरच्या उंबऱ्यात चिकटणारे पाय तिथं फळीवर आडवे पडून थोरली घाई खेळत होते. तीन वेळा फोटो फुकट गेला, मग पाय पट्ट्यानं बांधले. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "आत कोण वाजवतंय रं? तुज्यापरास बरा हाय." मी हसलो. दादू हसला नाही. त्यानं ते पाय बघितले होते आणि मनात ठेवले होते.

फोटो चांगला आला. वयाच्या मानानं मेंदू ठीक, असं कागदावर होतं. डॉक्टरनं तपासून थरथरीच्या गोळ्या दिल्या होत्या आणि महिन्यानं परत बोलावलं होतं. पण दादूनं कागदातला एकच शब्द उचलला: नॉर्मल. एसटी स्टँडवर त्यानं तो मला दोनदा वाचून दाखवला. "आण्णा, मेंदूत काय न्हाई. मशीन खोटं बोलत न्हाई. आबा सोंग करत्यात. पलटणीत लय बघितल्यात मी असली." परत सांगलीला जाणं झालं नाही. गोळ्या संपल्या त्या संपल्याच.

मायाप्पा शेजारीच उभा होता. त्यानं ऐकलं. आमच्याकडं सोंग हा शब्द वाईट नाही. जत्रेत सोंगं निघतात, राजाचं, राक्षसाचं, माणसं ती मानानं घेतात. पण दुखण्याचं सोंग करणारा माणूस आमच्यात कुत्र्यापेक्षा खालचा, कारण मेंढरामागं जायची वेळ आली की तो खाटेवर पडतो आणि दुसऱ्याला चालावं लागतं. मायाप्पा एवढंच म्हणाला, "दादू, मी कवा पडून खाल्लंय रं?" दादू गाडी बघायला गेला.

त्या साली जत्रा आली. मायाप्पाला खेळायला उभं करू नये, असं तरुण पोरांचं म्हणणं होतं. मी म्हणालो, मान त्याचा आहे, उभं तरी करा. दोघांनी धरून आणला, रिंगणात ठेवला. मी थाप टाकली आणि त्याचा पाय उठला. घरातून मोरीपर्यंत जायला ज्याला दोन माणसं लागायची, तो रुमाल उडवत फिरला, वळला, पोरांच्या पुढं गेला. पोरांनी मोबाइल वर केले. मग माझा घाम पुसायला मी ढोल थांबवला, तर मायाप्पाचा पाय तसाच वर. बगळ्यासारखा. जत्रा हसली. मी भडकलो, म्हणालो, "ए! मी चुकलो न्हाई, आज मी चुकलो न्हाई!" तो तसाच उभा. मग कलला. पोरांनी वरचेवर धरला.

तो व्हिडिओ दुसऱ्या दिवशी साताऱ्यात दादूच्या मोबाइलवर होता. तिसऱ्या दिवशी दादू गावात. "ढोलावर नाचता येतं, आन् संडासला जायला खांदा लागतो? चला साताऱ्याला. मी बघतो पाय कसं चालत न्हाईत."

मी काही दिवसांनी भेटायला गेलो. दादूच्या अंगणात परेड चालली होती. दादूच्या तोंडात शिट्टी, आणि मायाप्पा शिट्टीवर चालत होता. लेफ्ट राईट. शिट्टी थांबली की थांबायचा. "बघा आण्णा," दादू म्हणाला, "हुकूम दिला की चालत्यात. मनानं म्हणून एक पाऊल टाकत न्हाईत. मंजी चालता येतंय का न्हाई?" डोळ्यांना दिसत तसंच होतं. मायाप्पाच्या कपाळावर टाके होते. न्हाणीच्या दारात पाय चिकटले आणि वरचं अंग पुढं गेलं.

"कपाळ फुटलं, त्येचंबी सोंग का रं, दादू?"

"रजेसाठी सोताच्या पायात गोळी मारून घेतल्याली माणसं बघितल्यात मी, आण्णा."

दादू दुष्ट नव्हता. बापाला वेळेवर जेवू घालायचा, कपडे परीटघडीचे. त्याला वाटत होतं, बाप आळसात बुडतोय आणि आपण त्याला ओढून काढतोय. तेच फार वाईट होतं.

मग मायाप्पाला मेंढरं दिसायला लागली. खाटेखाली कोकरं आहेत म्हणायचा. ताटातली भाकरी मोडून खाली टाकायचा, सून झाडून काढायची, हा परत टाकायचा. दुपारी शुद्धीत असायचा, मला विचारायचा, "तुला दिसत न्हाईत न्हवं? मलाबी वाटतंय नसावीत. पर दिसत्यात." जवळच्या एका डॉक्टरनं भास जावेत म्हणून गोळी दिली. त्या गोळीनं मायाप्पा लाकूड झाला. मान वळेना, घोट उतरेना, लाळ गळायला लागली. दादूनं त्याचा हात वर धरला आणि सोडला, तर हात तसाच हवेत राहिला. तेव्हा पहिल्यांदा सुभेदाराचा चेहरा मी भ्यालेला बघितला. एवढं सोंग कुणाला येत नाही.

त्यानंच मला फोन करून बोलावून घेतलं. आम्ही मायाप्पाला उचलून साताऱ्यातल्याच एका मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई वयानं लहान, पण घाई नव्हती त्यांना, कुठलीच. आधी ती गोळी बंद केली. मग एकेक विचारत बसल्या. झोपेत पूर्वी हातपाय झाडायचे का? मी म्हणालो, पाटणच्या रानात यानं झोपेत मला लाथा मारल्यात, मला वाटायचं स्वप्नात नाचतोय. बाईंनी मान हलवली. दादूनं एमआरआयचा कागद पुढं केला आणि हळूच म्हणाला, "ह्यात नॉर्मल आहे, मॅडम. आणि हे बघा." मोबाइल काढून जत्रेचा व्हिडिओ लावला.

बाईंनी तो सगळा बघितला. शेवटी मायाप्पाचा पाय वर राहिला तिथं त्यांनी बोट लावून चित्र थांबवलं. "इथं काय झालं?"

"आबा थट्टा करत्यात," दादू म्हणाला. "जुनी खोड हाय."

"ढोल थांबला," मी म्हणालो.

"बरोबर. ढोल थांबला, आणि पाय खाली टेकवायचा हुकूम आतून आला नाही." मग त्यांनी समजावलं. एमआरआय म्हणजे घराच्या भिंतींचा फोटो. भिंत पडली, गाठ आली, रक्त सांडलं तर दिसतं. यांच्या भिंती शाबूत आहेत, आतले दिवे विझत चाललेत, ते भिंतीच्या फोटोत दिसत नाहीत. आणि ढोलाचं म्हणाल तर, मनानं चालायचा पाट फुटला, की आवाजाचं पाणी कधीकधी दुसऱ्या पाटानं पायापर्यंत पोहोचतं. ढोल थांबला, पाणी थांबलं. कंपवाताच्या घराण्यातलं दुखणं, आणि त्यातच विसर आणि भास.

दादू ताठ बसून होता. "फोटो न्हाई का ह्येचा? दिव्यांचा?"

"आहे. पुण्याला काढतात. मला तपासूनच कळलंय, पण तुमचा विश्वास पहिल्या फोटोवर बसलाय. दुसरा काढा."

पुण्याला मायाप्पाच्या हातात औषध टोचलं, बराच वेळ नुसतं बसवून ठेवलं, मग डोक्याभोवती कॅमेरा फिरवला. या यंत्रात ढोल नव्हता. पाय गप्प होते. तसल्याच गप्प पायांच्या मायाप्पाला आणि त्या फोटोला घेऊन आम्ही साताऱ्याला आलो. बाईंनी तो भिंतीवरच्या पडद्यावर लावला. सगळा काळा अंधार, आणि मधोमध उजेडाचे दोन ठिपके. "निरोगी माणसाच्या इथं दोन चंद्रकोरी दिसतात," बाई म्हणाल्या. "यांच्या कोरींच्या शेपट्या विझल्यात. नुसत्या टिकल्या उरल्यात. सोंग असतं तर चंद्रकोरी दिसल्या असत्या, सुभेदारसाहेब."

दादू डोक्याला हात लावून बसला नाही की रडला नाही. सावधानमध्ये उभा राहिला, खोलीत, त्या फोटोसमोर. मग बापाकडं वळून म्हणाला, "आबा, माझं चुकलं. सोंग नव्हतं तुमचं."

मायाप्पाचं लक्ष त्याच्याकडं नव्हतं. तो फोटोकडं बघत होता. खुर्चीचे हात त्यानं घट्ट धरले होते. "गड्या," तो मला म्हणाला, "पळू नगंस. दोन डोळं हायती त्येचं. पातेलं बडीव."

मला समजलं, त्या दोघांना समजलं नाही. मी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर दोन्ही हातांनी बारकी घाई धरली. बाहेरचे पेशंट दार ढकलून बघायला लागले. खुर्चीखाली मायाप्पाचे पाय हलले, टेकले, हलले. त्याच्या दृष्टीनं लांडगा किती वेळानं गेला, ठाऊक नाही. माझे हात दुखेपर्यंत मी वाजवलं. दादू माझ्या हातांकडं बघत होता.

त्यानंतर दादूनं कारखान्याची नोकरी सोडली आणि बापाला गावी आणलं. औषधानं मायाप्पा थोडा सैल झाला, पण डोकं आणखी लांब गेलं. तो गेला तेव्हा मी माझ्याच दुखण्यानं अंथरुणात होतो, म्हणून माझं शेवटचं बघणं त्याआधीचं आहे.

सकाळी गेलो. मायाप्पा उंबऱ्याच्या आत उभा आणि दादू बाहेर, हातात जर्मनचं पातेलं. दादू बारकी घाई वाजवत होता, आणि चुकत होता. पाय उठेना. मला राहवलं नाही. "आरं, तिसरी थाप भरू नगंस! मोकळी सोड ती!" दादूनं परत धरलं, परत चुकला, परत धरलं. कसातरी तो पाय उठला आणि उंबऱ्याच्या बाहेर पडला. आम्ही त्याला कट्ट्यावर उन्हात बसवलं. त्यानं मला खुणेनं जवळ घेतलं आणि कुजबुजला. त्याची कुजबुज अंगणभर ऐकू येई.

"ह्यो कोण हाय रं?"

"दादू हाय की. तुजा दादू."

"न्हाई. दादूचं सोंग हाय." तो दादूला निरखत होता. "लय ब्येस वठवलंय. आवाज त्योच, उभं राहणं तेच. पर फसलाय."

"कसा काय फसला?"

"माझा दादू ढोलाला हात लावत न्हाई. त्यो साहेब हाय."

दादू पातेलं हातात धरून तिथंच होता. त्यानं मला सांगितलं, हे महिनाभर चाललंय. पलटणीतलं ओळखपत्र दाखवलं, लहानपणीच्या खुणा सांगितल्या. जेवढं जास्त करावं तेवढं म्हातारा म्हणतो, दादू एवढं करायचा नाही. मग तो जरा हसल्यासारखं करून म्हणाला, "त्येंचा फोटो काढला, आण्णा. आता माझा कुठं काढायचा?"



ऊन चढलं. मायाप्पाला आत न्यायचं होतं. उंबऱ्यापाशी त्यानं पाय उचलला आणि तो तसाच राहिला, वर. एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हाताचा अंगठा बोटावर फिरत होता, सूत काढत. त्यानं दादूकडं मान वळवली, परक्या माणसाला देतात तो मान आवाजात आणला आणि म्हणाला, "वाजवा, पावणं. दादू येस्तवर वाजवा."

दादूनं पातेलं उचललं. या वेळी त्यानं तिसरी थाप मोकळी सोडली.